मुलीनं बिल्डरांच्या संघटनेत नोकरी करावी का?

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, बिल्डरांच्या एका संघटनेत पॉलिसी डेस्कवर, म्हणजे सरकारी धोरणांच्या कामावर, दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळतीये, जमलं तर पुढे नोकरी, ती खूश आहे आणि तिचे बाबा जेवायला बसले की एकच वाक्य म्हणतायत, "ज्यांनी आपल्याला अडीच वर्षं भाड्याच्या घरात लटकवलं त्यांचीच वकिली करायला शिकवलं का तुला?" आणि तुमचा प्रश्न असा की हे लॉबिंग म्हणजे नक्की काय काम, पाकिटं पोचवायचं तर नाही ना.

बाबांचा राग खोटा नाहीये. पण काम काय असतं ते आधी बघू. क्रेडाई, नरेडको, मुंबईची एमसीएचआय अशा संघटना वर्षभर सरकारला काही ना काही मागत असतात. मार्च आला की रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेले जागेचे दर, वाढवू नका, बजेटच्या आधी परवडणाऱ्या घरांची 45 लाखांची मर्यादा वाढवा, मधल्या काळात एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण), प्रीमियम (बांधकामासाठी सरकारला आणि महापालिकेला भरायची रक्कम), जीएसटी. ही प्रत्येक मागणी आधी कुणीतरी बसून लिहितं, कायद्याचं कलम शोधतं, शेजारच्या राज्यात काय नियम आहे ते काढतं, दोन पानांचं निवेदन करतं, आणि मग ते घेऊन शिष्टमंडळ मंत्रालयात जातं, फोटो येतो पेपरात. तुमची मुलगी फोटोत नसेल, ती दोन पानं तिची असतील. यालाच लॉबिंग म्हणतात.

त्या दोन पानांत काय ताकद असते बघा. रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर आलेल्या कायद्याचं उदाहरण घेते, कारण ते तुमच्याच घराशी जोडलेलं आहे. ग्राहकाच्या पैशातला किती हिस्सा बिल्डरनं वेगळ्या खात्यात, त्याच प्रोजेक्टसाठी ठेवायचा हा मूळ वाद होता. 2013 च्या बिलात 70 टक्के होते, पण राज्याला ते कमी करायची मुभा होती. 2015 मध्ये केंद्र सरकारच्या दुरुस्तीत ते 50 वर आले. बिल्डरांचं म्हणणं असं की जमिनीचा पैसा आम्ही आधीच ओतलेला असतो, वर एवढा पैसा अडकवला तर काम कशानं करायचं, आणि हे अगदीच खोटं नाही. उलट बाजूनं ग्राहक संघटना, त्यात आपली मुंबई ग्राहक पंचायतसुद्धा, आणि राज्यसभेतले विरोधक अडून बसले, आणि मार्च 2016 मध्ये कायदा पास झाला तेव्हा आकडा परत 70! तसंच केवढ्या प्रोजेक्टला रेराची नोंदणी लागेल ती मर्यादा, आधी 1000 चौरस मीटर किंवा 12 फ्लॅट, शेवटी 500 चौरस मीटर किंवा 8 फ्लॅट. आपल्याला हे नुसते आकडे वाटतात पण या प्रत्येक आकड्यामागे दोन्हीकडून कागद गेलेले असतात.

आणि खरी मजा पुढे आहे, हे मुलीला नक्की वाचून दाखवा. कायदा दिल्लीत झाला पण नियम राज्यांनी करायचे होते, आणि उत्तर प्रदेश, हरियाणा अशा राज्यांच्या नियमांत चालू प्रोजेक्टची व्याख्या इतकी सैल झाली की बरेच प्रोजेक्ट कायद्याच्या बाहेरच राहिले. म्हणजे संसदेत हरलेली गोष्ट नियमांत जिंकता येते. कॉलेजात कायदा शिकवतात, नियम आणि जीआर कुणी मन लावून शिकवत नाही, आणि पॉलिसीचं निम्मं काम तिथेच असतं. आणि जिथे निवेदनानं भागत नाही तिथे कोर्ट, मुंबई हायकोर्टात बिल्डरांनी रेराच्या तरतुदींनाच आव्हान दिलं होतं, डिसेंबर 2017 मध्ये कोर्टानं कायदा वैध ठरवला. नीलकमल रिअल्टर्सचा निकाल म्हणतात, मुलीला ऐकून माहीत असेलच, नसेल तर इंटर्नशिपला जायच्या आधी पूर्ण वाचायला लावा.

सगळ्याच मागण्या ग्राहकाच्या मुळावर येतात असंही नाही हं. परवानग्या देणाऱ्या महापालिकांनाही रेराखाली जबाबदार धरा ही बिल्डरांची जुनी मागणी आहे आणि मला तरी ती पटते, फाइल आठ महिने टेबलावर पडून राहिली तर ताबा लांबतो आणि शिव्या एकट्या बिल्डरला. 2020 मध्ये कोविडनंतर राज्यानं स्टॅम्प ड्युटी 5 वरून 2 टक्क्यांवर आणली ती सप्टेंबर ते डिसेंबर, मग मार्चपर्यंत 3, त्यात घर घेणाऱ्यांचे पैसे वाचलेच. पण जानेवारी 2021 मध्ये राज्यानंच नेमलेल्या दीपक पारेख समितीचा आधार घेऊन बांधकामाचे प्रीमियम वर्षभरासाठी थेट निम्मे केले, अट एवढीच की सवलत घेणाऱ्या बिल्डरनं ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी भरायची. आता प्रीमियमचा पैसा हा सरकारचा आणि महापालिकेचा, म्हणजे रस्ते पाण्याचा, तो सोडून दिल्यावर फ्लॅटची किंमत कमी झाली का हा प्रश्न संघटनेच्या निवेदनात कधीच नसतो. तो तिनं स्वतःला विचारायचा.

आता पाकिटाचं. आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार लॉबिस्टला नोंदणी करावी लागते, कुणासाठी काम करतो आणि किती पैसे ते जाहीर करावं लागतं, इथे असं रजिस्टर नाही, त्यामुळे कुणाच्या कार्डावर लॉबिस्ट लिहिलेलं दिसणार नाही. पॉलिसी असोसिएट, कॉर्पोरेट अफेअर्स, गव्हर्न्मेंट रिलेशन्स, लायझन अशी नावं असतात आणि ताई, यातल्या लायझन शब्दापाशी थांबा. फायली पुढे सरकवायचं काम आणि पॉलिसी लिहायचं काम एकाच ऑफिसात शेजारी बसलेलं असू शकतं. तिनं पहिल्याच आठवड्यात सरळ विचारावं की माझं लिहिलेलं निवेदन कुणाच्या सहीनं जातं, आवक नंबर पडतो का, संघटना ते जाहीर करते का. उत्तर हो असेल तर बिनधास्त काम करावं. "ते साहेब बघतात, तू फक्त हे कव्हर अमुक ठिकाणी दे" असं झालं तर त्याच दिवशी बॅग उचलायची, 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सरळ गुन्हेगार असतो, आणि वकिलीची सनद अजून मिळायचीय तिला.

मग ग्राहकांच्या बाजूनं का नको, असं बाबा म्हणतील. जरूर, पण तिकडचं बरंच काम कार्यकर्ते वेळ काढून करतात, पगाराच्या जागा मोजक्याच, हे मी गोड करून सांगणार नाही. माझं मत, इंटर्नशिप करू दे, नोकरीचा शब्द आत्ता देऊ नये. पाचवं वर्ष झालं की पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या लॅम्प फेलोशिपला अर्ज करावा, 25 च्या आतल्यांसाठी आहे, खासदाराबरोबर काम करायला मिळतं, तिथे बिल्डरांची आणि ग्राहकांची दोन्ही निवेदनं एकाच टेबलावर येतात. नाहीतर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचं पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स आहे, टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे.

आणि एक काम जायच्या आधीच. तुमच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट कपाटातून काढा, ताब्याची तारीख असलेलं पान उघडा, आणि रविवारी तिला बाबांच्या शेजारी बसवून रेराचं कलम 18 वाचायला सांगा, उशीर झालेल्या महिन्यांच्या व्याजाचं आहे ते. बाबांचे प्रश्न तिला झेपले तर शिष्टमंडळाचे नक्की झेपतील. काय झालं ते कळवा मात्र.