शिट्टी आणि गायब होणारा आवाज: दुखणं एकच आहे

गणेशोत्सवात पहिल्यांदा सूत्रसंचालन करताय, तालमीत आवाज मध्येच गायब होतो, माईक शिट्टी मारतो आणि जवळ धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटफट होते, असं तुम्ही लिहिलंय. वीस वर्षं निवेदन करतोय, त्यातून सांगतो: या तिन्हीचं मूळ माईक कुठे आणि कसा धरलाय यात आहे.

तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की माईकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मग साउंडवाला बिचारा व्हॉल्यूम चढवतो. आता माईकला तुमच्याबरोबर कर्णेही ऐकू येतात. कर्ण्यातला आवाज माईकमध्ये, तिथून पुन्हा कर्ण्यात, असा फिरत वाढतो. तीच शिट्टी. म्हणून माईक ओठांपासून तीन-चार बोटांवर ठेवा. मात्र अगदी समोर नको. हनुवटीच्या जरा खाली, तिरका, तोंडाकडे रोखलेला. ‘फ’ची हवा वरून निघून जाते, फटफट थांबते.

जाळी मुठीत अजिबात धरू नका. मंडपात भाड्याने येणारे माईक बहुतेक श्युअर कंपनीच्या एसएम ५८च्या वळणाचे, म्हणजे पुढचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे असतात. ही निवड जाळीमागच्या फटींमुळे होते. त्या झाकल्या की माईक चहूकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू. कर्ण्यांच्या पुढे जाऊन उभं राहणंही टाळा.

आवाज मध्येच गायब होतो तो मान वळल्यामुळे. एका स्नेहसंमेलनात मी पाहुण्यांकडे आदराने वळून त्यांचं नाव घेतलं. हात जागच्या जागी राहिला आणि नेमकं नावच कुणाला ऐकू गेलं नाही. ती चुटपुट अजून आहे. तेव्हापासून कोपर अंगाशी धरतो आणि मानेऐवजी कमरेतून वळतो, माईक आपोआप बरोबर येतो. टिपणाचा कागदही छातीपर्यंत उचला. मान खाली घातली की पुन्हा तेच.

मंडप लांबलचक असेल तर सावकाश बोला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे मागच्यांपर्यंत पुढच्या कर्ण्यातला आवाज मागच्या कर्ण्यापेक्षा उशिरा पोचतो आणि एकच शब्द दोनदा ऐकू येतो. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबा, विशेषतः नावांनंतर.

कार्यक्रमाआधी माईकवर फुंकर किंवा टिचकी मारू नका. ‘हॅलो, हॅलो’ही हळू पुटपुटू नका, कारण साउंडवाला त्यावरच पातळी लावतो. स्वागताची पहिली दोन वाक्यं प्रत्यक्ष म्हणणार त्याच जोराने म्हणा आणि तेवढ्या वेळात कुणाला तरी शेवटच्या रांगेत उभं करा.