वाटीतला मैदा आणि काट्यावरचा मैदा

प्रश्न : केकच्या कृतीत एक कप मैदा म्हणजे १२० ग्रॅम असे दिले आहे. माझ्या २४० मिलिलिटरच्या कपातला मैदा १५० ग्रॅम भरला. वजनकाटा बिघडला असेल का?

उत्तर : काट्याला दोष देण्यापूर्वी कप कसा भरला ते आठवून पाहावे. डब्यात कप खुपसून मैदा काढला की तो दाबून बसतो आणि त्याच कपात २५-३० ग्रॅम जास्त मावतो. मैदा आधी चमच्याने मोकळा करून, चमच्याचमच्याने कपात सोडून, कप न आपटता सुरीच्या पाठीने काठाशी सपाट केला, तर वजन १२० ते १२५ ग्रॅमच्या आसपास येते. बेसनाचेही तसेच. साखर मात्र फारशी दबत नाही. तिचा कप कसाही भरला तरी सुमारे २०० ग्रॅमच भरतो.

प्रश्न : घरात मापाचा कप नाही, आमटीची वाटी आहे. तिने मोजलेले ग्रॅममध्ये कसे आणावे?

उत्तर : रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी, जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर वाटी. ती १५० भरली, तर वर सांगितल्याप्रमाणे सैल भरलेला मैदा ७५ ग्रॅम आणि साखर १२५ ग्रॅम धरावी.

प्रश्न : आजीच्या वहीत चकलीच्या भाजणीला चार मापटी तांदूळ, दोन मापटी हरभराडाळ, एक मापटे उडीदडाळ आणि एक मापटे पोहे असे आहे. दोन मापट्यांचा शेर आणि शेर ९३३ ग्रॅमचा, असा हिशेब केला तर चालेल का?

उत्तर : नाही. ९३३ ग्रॅमचा तो ८० तोळ्यांचा वजनी शेर. मापटे, चिपटे, पायली यांच्या घराण्यातला शेर हे धान्य भरायचे भांडे, आणि त्याचा आकार मुलुखागणिक बदलत असे. तांदूळ आणि डाळी एकाच भांड्यात जवळपास सारख्याच भरतात, त्यामुळे ४:२:१ हे प्रमाण वजनात घेतले तरी भाजणी बिघडत नाही. अडतात ते पोहे, कारण ते फुलके असतात. डाळीच्या वजनाइतके घेतले तर भाजणीत पोहेच पोहे होतील. म्हणून मापट्याऐवजी घरचे एखादे भांडे धरावे, चारही जिन्नस त्याच भांड्याने मोजून एकदा काट्यावर घालावेत आणि ते आकडे आजीच्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावेत.

प्रश्न : एक कप साखर दळली तर पिठीसाखर एक कपच धरायची का?

उत्तर : वजन तेच राहते, पण ती फुगून दीड कपाच्या वर जाते.

प्रश्न : मग खायचा सोडाही वजनावरच घ्यावा का?

उत्तर : घरगुती काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो, त्यामुळे दोन ग्रॅमला एका ग्रॅमची चूक सहज होते, आणि तेवढा जास्तीचा सोडा नानकटाईला साबणाची चव आणायला पुरतो. सोड्यासाठी ५ मिलिलिटरचा मापाचा चमचाच बरा, तोही सपाट भरलेला.