अपार्टमेंटमध्ये पाण्याचा मीटर एकच असावा की प्रत्येक फ्लॅटला वेगळा?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत तुमच्या बिल्डिंगला पाण्याचा एकच मीटर आहे, बिल आणि टँकरचा खर्च सगळ्यांत सारखा वाटतात, तुम्ही घरात दोघंच आणि शेजारी सात माणसं, तर वेगळे मीटर मागता येतील का. मागा की! पण आधी गच्चीवर जाऊन टाकीतून खाली किती पाइप उतरतात ते बघा. जुनी बिल्डिंग असेल तर किचनची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, संडासची वेगळी, म्हणजे एका फ्लॅटला तीन मीटर. नवीन बांधकामात फ्लॅटला एकच इनलेट, म्हणजे पाणी आत येणारा एकच पाइप, असेल तर काम सोपं.

आमच्याकडे हे सगळं रामायण एका मुंबईकर काकांमुळे झालं. फ्लॅट वर्षभर बंद, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच येणं, आणि दर मीटिंगला एकच पालुपद, आम्ही पाणी वापरतच नाही तर पैसे कसले. मी इथे बारमाही राहतो, पंप मी चालू-बंद करतो, टँकरवाल्याच्या मागे मी लागतो, त्यामुळे हे ऐकलं की डोकंच फिरायचं. वर कोकणात एवढा पाऊस पडतो मग टंचाई कसली, हाही त्यांचाच प्रश्न. अहो जांभ्यात पाणी मुरतं आणि निघूनही जातं, एप्रिलमध्ये बोअर हवा ओढायला लागते तेव्हा तुम्ही ठाण्यात असता!

शेवटी ठराव झाला, वर्गणी निघाली, मीटर बसले. पहिल्याच रीडिंगला आमच्या मजल्यावर सगळ्यात जास्त आकडा कोणाचा, तर काकांच्या बंद फ्लॅटचा. लगेच फोन, मीटर खोटा आहे, हवेने पळतो. प्लंबरला घेऊन डक्टमध्ये शिरलो, टॉर्च मारला तर संडासच्या लाइनच्या मीटरमधली ती बारीक लाल चक्री गरागरा फिरतेय आणि घरात चिटपाखरू नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली होती, उघडून बघतो तर फ्लशच्या टाकीचा बॉल अडकलेला आणि पाणी सुरसुर करत कमोडमध्ये चाललंय. किती महिने ते देवालाच माहीत, आणि ते पैसे आम्ही सगळे भरत होतो. काकांना सांगितलं तर म्हणतात, मग एवढे दिवस तुमचं लक्ष कुठे होतं.

माझं मत विचाराल तर मीटर फक्त वापरलेल्या पाण्यापुरता. पंपाचं लाइट बिल, मोटर जळली की वायंडिंग, टाकी धुणं, हे बंद फ्लॅटलाही सारखंच लागलं पाहिजे. तळमजल्यावाला लिफ्ट वापरत नाही म्हणून सोसायटीत त्याला लिफ्टचा खर्च माफ होतो का? नाही ना.

आता कायद्याचं. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटच्या नळजोडांची संख्या आणि आकार यावरून वाटायचा असं आहे, माणसं मोजून नाही, आणि सरसकट सारखाही नाही. पण तुमची नोंदणी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल तर सामाईक खर्च डिक्लरेशनमधल्या, म्हणजे बिल्डिंगच्या नोंदणीच्या दस्तातल्या, टक्केवारीने वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. तो कागद आधी काढून वाचा.

आणि हो, काकांचं हवेचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, टाकी रिकामी होऊन परत भरली की पाइपातली हवा मीटर फिरवते. आमच्या बोअरच्या लाल गाळाने मीटर अडकतातही, गाळणी लावून घ्या आणि अधूनमधून साफ करा. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असल्याने प्रेशर आधीच कमी, मीटर बसल्यावर आणखी पडतं, शॉवरवरून भांडणं होतील. मेन मीटर आणि सगळ्यांची बेरीज कधीच जुळत नाही, तो फरक कोणी भरायचा हे ठरावातच लिहा.

विजेचं मात्र उलटं. जिना, लिफ्ट, पंप सोडून घरातली वीज एका मीटरवर घेऊन वाटू असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, महावितरणचे घरगुती दर ०-१००, १०१-३०० असे स्लॅबने चढतात, सगळ्यांचे युनिट एकत्र आले की थेट वरच्या दरात.

मीटिंग मे महिन्यात ठेवा. मुंबईवाले तेव्हाच सापडतात, टाकीही तेव्हाच कोरडी असते, सह्या पटापट होतात.