आफ्रिकेचा अभ्यास करून पुढे काय?

पदवीचे निकाल लागू लागले की समुपदेशक म्हणून एक प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, विषय तेवढा बदलतो. कधी पाली, कधी मानववंशशास्त्र. आणि मागाहून ठरलेले वाक्य, ‘याला स्कोप काय?’ या वेळी विषय होता आफ्रिकेतील समाज आणि त्यांचा इतिहास. इतिहासात बी.ए. झालेली मुलगी आणि तिचे दुकानदार वडील समोर बसले होते.

“मॅडम, हे शिकवतात तरी कुठे? आणि शिकून ही करणार काय?”

पहिल्या प्रश्नाला उत्तर होते: दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आणि मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यासाची सोय आहे. दुसरा प्रश्न मी मुलीकडे वळवला. तिने घडाघडा सांगितले: इथिओपियातून आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर), जंजिऱ्याचे सिद्दी, झांजिबारचे गुजराती व्यापारी, केनियात उपयोगी पडणारी स्वाहिली भाषा. सारे खरे होते, पण पाठ केलेले वाटत होते.

पुढच्या भेटीत ती एकटी होती. मी म्हटले, “समज, बाबांना काहीच पटवायचं नाहीये. मग काय वाचशील?”

बराच वेळ ती गप्प राहिली आणि मग पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या साम्राज्याबद्दल बोलू लागली. तेराव्या शतकात ते उभे करणाऱ्या सुंजाताची कथा ‘ग्रिओ’ म्हणजे पिढीजात कथेकरी आजही गातात; चौदाव्या शतकात इब्न खल्दून या इतिहासकाराने मालीच्या राजांची हकीकत अरबीत नोंदवली; या दोहोंत जिथे मेळ बसत नाही, तिथे गाणाऱ्याला खोटे ठरवायचे, की बदललेल्या कथेकडे तिच्या गायकाच्या काळाचा पुरावा म्हणून पाहायचे, हा तिचा प्रश्न होता. घड्याळाकडे आमचे दोघींचेही लक्ष नव्हते.

“पण माली तर पश्चिमेला आणि स्वाहिली पूर्वेकडची. मग स्वाहिली कशासाठी?”

ती हसली. “बाबांना केनिया ठाऊक आहे ना, म्हणून.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे मनातले अविवेकी हट्ट तपासून पाहण्याच्या पद्धतीने, काम करते, त्यामुळे माझे कान अशा ठिकाणी टवकारतात. घरच्यांना पटावे ही इच्छा रास्त आहे, परंतु ‘पटलेच पाहिजे’ असा हट्ट मनाने धरला की माणूस नकळत आपला विषयच समोरच्याच्या मापाने कापू लागतो. तिने विचारले, “आणि नाहीच पटलं तर?” मी म्हटले, “तर नाही पटलं. मग तू काय करशील?” तिने वही उघडली आणि पहिली नोंद केली, ‘फ्रेंच’, कारण माली ही फ्रान्सची वसाहत होती आणि तिथली वसाहतकालीन कागदपत्रे त्याच भाषेत आहेत. हा क्षण सहज आलेला नव्हता, आणि तो ओळखता आला याचे मला समाधान आहे.

अशा विद्यार्थ्यांना मी सांगते की विभागाच्या नावावर न जाता अभ्यासक्रम पाहावा, कारण काही ठिकाणी भर परराष्ट्रधोरणावर असतो आणि इतिहास एखाद्या पेपरपुरता उरतो. आपल्या प्रदेशावर काम करणारे मार्गदर्शक तिथे आहेत का, आणि त्या पदवीवर ‘नेट’ ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा कोणत्या विषयात देता येते, हेही प्रवेशाआधी विचारावे. अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून भाषा पक्की करावी. अनुवादाचे काम तिच्या बळावर मिळू शकते.

शेवटच्या भेटीत वडिलांनी मलिक अंबरचे नावही काढले नाही. विषय पटवून घेण्याची त्यांना मुळी गरजच नव्हती. किती वर्षे पैसे पाठवायचे, एवढेच त्यांना हवे होते. एम.ए.ची दोन वर्षे आणि फ्रेंचचे शुल्क त्यांनी मान्य केले, पीएच.डी. मात्र फेलोशिप मिळाली तरच, अशी अट घातली. मुलीने ती मान्य केली आणि लगेच अर्जाची शेवटची तारीख विचारली.