ब्लॉग आधी की क्लायंट आधी?

प्रश्न: ताई, मी फ्रीलान्स कॉपीरायटिंग करते. सकाळी लॅपटॉप उघडला की हात आधी ब्लॉगकडेच जातो, एक परिच्छेद नीट करता करता दुपार होते आणि क्लायंटचं काम मग रात्री जागून. ब्लॉग बंदच करू का?

उत्तर: अगं बंद कशाला! पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ मध्येच लिहून ठेवलंय की काम मिळेल तेवढा वेळ व्यापतं, आणि ब्लॉगला तर डेडलाइनच नसते, मग तो पसरणारच ना. आधी क्लायंटची फाइल पाठव, मग २५ मिनिटांचा टायमर लावून ब्लॉगला बस, वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं, उलट अर्धं सोडलेलं बरं, उद्या कुठून सुरू करू हा प्रश्नच येत नाही. एक सांगू? तू ब्लॉगकडे पळतेस कारण तिथं कोणी 'अजून जरा क्रिस्प करा' म्हणत नाही. (माझंही तेच व्हायचं.) आणि इनव्हॉइस पाठवायच्या दिवशी तर ब्लॉग उघडूच नकोस. बाकी त्यातले दोन-तीन बरे लेख नव्या क्लायंटला नमुना म्हणून पाठवत जा.