जुन्या गाडीला तिच्याच काळचा कार्बोरेटर

प्रश्न : १९५२ची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. आधीच्या मालकाने मूळ कार्बोरेटर काढून भलताच एक सोलेक्स बसवलाय. जुन्या बाजारात ‘एमजीचा एसयू’ म्हणून बरेच नग दाखवतात. त्यातला योग्य कसा ओळखायचा? (पुणे)

उत्तर : टीडीच्या १२५० सीसी एक्सपॅग इंजिनावर एसयू या ब्रिटिश कार्बोरेटर कंपनीच्या एच२ मॉडेलची जोडी होती. एचपुढचा आकडा म्हणजे एका इंचावर किती अष्टमांश. त्यामुळे एच२ सव्वा इंची, एच४ दीड इंची आणि एच६ पावणेदोन इंची. बाजारात जाताना व्हर्नियर खिशात ठेवा आणि इंजिनाकडच्या, म्हणजे बटरफ्लायच्या (फिरत्या चकतीच्या झडपेच्या) बाजूचं भोक मोजा. ते ३१.७५ मिमी भरलं पाहिजे. ‘मोठा घ्या, पिकअप वाढेल’ असं म्हणत कुणी दीड इंची गळ्यात मारू पाहील. दीड इंची जोडी टीडी मार्क टूवर आणि पुढे टीएफवर होती. साध्या टीडीच्या सव्वा इंची मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीवर) ती लावली, तर जोडापाशी पायरी तयार होते आणि कमी आरपीएमवर गाडी मिस मारते.

दुसरी खूण खालून दिसते. फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या) भांड्यापासून जेटपर्यंत (पेट्रोल सोडणाऱ्या भोकापर्यंत) नायलॉनची बारीक नळी असेल तर तो नंतरचा एचएस. एचएस मालिका पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आली आणि टीडीचं उत्पादन १९५३लाच थांबलं होतं. एचमध्ये अशी नळी नसते. पेट्रोल बॉडीच्या आतल्या वाटेनेच जेटपर्यंत जातं.

सगळ्यात जास्त फसगत तिसऱ्या गोष्टीत होते. टीडीचे कार्बोरेटर तिरके बसतात. मॅनिफोल्डची फ्लँज (बोल्टने जोडायची सपाट कड) कललेली असते आणि बॉडीवर भांडं जोडायची जागा अशी घडवलेली असते, की कार्बोरेटर तिरका राहिला तरी भांडं उभं राहतं. मॉरिसवरचा आडवा एच२ मापाने तंतोतंत जुळतो, बोल्टही बसतात, पण मग भांडंच कलतं आणि जेटमधली पेट्रोलची पातळी बिघडते. म्हणून नग हातात घेऊन भांडं सरळ उभं धरा आणि फ्लँज कललेली दिसते का ते पाहा. फ्लँजही सरळ उभी असेल तर तो नग टीडीचा नव्हे.

भांड्याच्या झाकणावरच्या बोल्टखाली ‘एयूसी’ने सुरू होणारा नंबर ठोकलेली छोटी पट्टी असते. ती असेल तर विषयच संपला, कारण तो नंबर त्या गाडीच्या स्पेसिफिकेशनचा असतो. पण बहुतेक मेकॅनिक पहिल्या सर्व्हिसिंगलाच ती फेकून देतात. बॉडीवर ओतीव अक्षरांत असलेला नंबर मात्र साच्याचा असतो. त्यावरून कुणी गाडी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.

शक्यतो जोडीच घ्या, मधल्या लिंकेजसकट (दोन्ही एकत्र उघडणाऱ्या दांड्यांसकट). सुटा नग स्वस्त मिळतो आणि पुढची दोन वर्षं लिंकेज शोधण्यात जातात. जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर काहीच जमलं नाही, तर इंग्लंडमधल्या सॉल्झबरीची बर्लेन ही कंपनी एसयूच्या नावाने आजही सुटे भाग आणि पूर्ण कार्बोरेटर बनवते.

प्रश्न : एच२ची एक जोडी मिळाली आहे, पण चारही भाग (दोन डॅशपॉट, दोन पिस्टन) एकाच पिशवीत आहेत. कशावर कोणता? (नाशिक)

उत्तर : आधी विक्रेत्याला विचारा, दुसरी पिशवी आहे का! डॅशपॉट (कार्बोरेटरची वरची टोपी) आणि त्यात वर-खाली होणारा पिस्टन कारखान्यात एकमेकांना जुळवलेले असतात. अदलाबदल झाली की पिस्टन अडकतो किंवा बाजूने हवा गळते.

पारखायची रीत अशी. दोन्ही भाग पेट्रोलने स्वच्छ करून कोरडे करा, आत तेल घालू नका. पिस्टनच्या बुडाची हवेची भोकं मऊ मातीने बुजवा. पिस्टन डॅशपॉटमध्ये पूर्ण बसवा, डॅम्परचं (पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या दांडीचं) टोपण लावा, सगळं उलटं करा आणि पिस्टन हातात धरून डॅशपॉट स्वतःच्या वजनाने खाली घसरू द्या. सव्वा इंचीला ३ ते ५ सेकंद लागायला हवेत, दीड इंची आणि त्याहून मोठ्याला ५ ते ७. धप्पकन पडला तर झीज जास्त आहे. मधेच थांबला तर पोचा किंवा मळ आहे. चारही जोड्या करून पाहा आणि जुळलेल्यांवर लगेच खूण करा. डॅशपॉटच्या आत पॉलिश पेपर चुकूनही फिरवायचा नाही.

त्यानंतर बटरफ्लायचा दांडा वर-खाली हलवून पाहा. खुळखुळत असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) कधीच स्थिर होत नाही. लोक मिक्श्चर फिरवत बसतात, दोष मात्र दांड्यात असतो. चांगल्या लेथवाल्याकडून बॉडी रीम करून पितळी बुश बसवून घ्या. दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये मारायला सांगा. एकेक मारली तर दांडा अडकतो.

प्रश्न : टीडीवर योग्य जोडी बसवली, नवं किट टाकलं, तरी ओव्हरफ्लो होतो आणि पुढच्या प्लगवर काळं धरतं. (मुंबई)

उत्तर : आधी पंप बघा. मूळचा एसयू इलेक्ट्रिक पंप अगदी कमी दाबाचा असतो. त्याजागी आजकालचा चार-पाच पीएसआयचा पंप लावला असेल, तर फ्लोटची सुई तो दाब रोखूच शकत नाही, आणि किट कितीही नवं असलं तरी गळती चालूच राहते. दाब दोन-अडीच पीएसआयच्या आत ठेवा.

मग पातळी. झाकण उलटं धरा, फाट्याचा लिव्हर सुईवर टेकू द्या आणि झाकणाची कड व फाटा यांच्यामध्ये ११ मिमीची गोल सळई सरकवा. ती जेमतेम जायला हवी. वाकवायचं झालं तर फाट्याच्या मुळाशी वाकवा. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला.

पेट्रोल जेटच्या खालून ठिबकत असेल तर कॉर्कचे ग्लँड (सील) दोषी. जुन्या किटमधला कॉर्क आणि साधं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे टिकत नाही, व्हिटॉनचे सील मागवा. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे ई२०वर (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) मिश्रण पातळ पडतं. टीडीची मूळ नीडल (जेटमध्ये वर-खाली होऊन पेट्रोल मोजणारी सुई) ‘ईएस’ आणि जेट ०.०९० इंची. अ‍ॅडजस्टिंग नट खाली घेऊनही गाडी चढावर खोकत असेल, तर ‘ईएम’ ही जाड मिश्रणाची नीडल लावून बघा. नाव नीडलच्या दांड्यावर कोरलेलं असतं. तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट बसवा.

ग्लँड बदलले की जेट पुन्हा मध्यावर आणावा लागतो. डॅम्पर काढा, अ‍ॅडजस्टिंग नट पूर्ण वर घ्या, मोठा लॉकनट सैल करा, पिस्टन दाबून नीडल जेटमध्ये बसवा आणि नट आवळा. पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक्’ असा धातूचा आवाज यायला हवा. जेट खाली असताना टक् येतं आणि वर घेतल्यावर येत नाही, म्हणजे परत करा. हे काम निम्म्या गॅरेजमध्ये कुणी करत नाही. नंतर नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे १२ पैलू, खाली घ्या आणि गाडी गरम करून बारीक ट्युनिंग करा. पिस्टन साधारण पाऊण मिमी उचला. रेस क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर ठीक, वाढलेलीच राहिली तर मिश्रण जाड, इंजिन मरायला लागलं तर पातळ.

प्रश्न : कार्बोरेटर मूळचा नसेल तर ‘व्हीए’ (व्हिंटेज गाडीचा नोंदणी) नंबर नाकारतात का? (कोल्हापूर)

उत्तर : २०२१च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी अशी अट आहे आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांतले मोठे फेरफार चालत नाहीत. कार्बोरेटरचं नाव वेगळं घेतलेलं नाही. पण वेल्ड केलेलं मॅनिफोल्ड तपासणीत डोळ्यात भरतं, ते आधी बदला. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं.

प्रश्न : पद्मिनीच्या सोलेक्समध्ये जेटवर नंबर बरोबर आहे, तरी पेट्रोल फार खाते. (ठाणे)

उत्तर : सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशात असतो, ११५ म्हणजे १.१५ मिमी. कुणी तारेने साफ करता करता भोक मोठं केलं, तरी नंबर तोच राहतो. १.१५चं १.२० झालं की क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्के वाढतं. त्या मापाच्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी भोकात घालून बघा. सैल गेली तर जेट बदला, आणि पुढे फक्त हवेच्या प्रेशरने साफ करा.