परिपाठातल्या ‘माइंडफुलनेस’ला काय म्हणावं?

शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: परिपाठ संपला की मुलांना दोन मिनिटं श्वासाकडे बघायला लावते. वेळापत्रकात ‘माइंडफुलनेस’ऐवजी ‘सजगता’ लिहिलं तर चालेल का?

कागदावर चालेल, तो शब्द आता रुळला आहे. पण ‘सजग राहा’ असं आपण चोर, अफवा, साथीचे आजार यांच्याबाबत म्हणतो. त्यात पहारा आहे. ऐकून मूल अंग आवळून बसेल. ‘लक्ष दे’ तर वर्गात दटावतानाच जास्त येतं. ‘आनापान’ म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. ते एका सरावाचं नाव झालं, खिचडीआधी हात धुताना ते कसं वापरणार?

‘ध्यान’ म्हटलं की डोळे मिटून मांडी घालणं आलं. मात्र तुमच्याकडची अहिराणी बोलणारी मुलं घरी ‘ध्यानमा ठेव’ ऐकतात, म्हणजे लक्षात ठेव. हा अर्थ मुळाच्या फार जवळ जातो. इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ ज्या पाली शब्दासाठी रूढ झाला तो ‘सति’, संस्कृतातला ‘स्मृति’, आठवण असणं. आठवायचं ते एवढंच, की मी आत्ता इथे आहे, हे करतो आहे.

हे सगळं मला ‘भान’ या शब्दात सापडतं. तो ‘भा’, म्हणजे प्रकाशणे, या धातूवरून आला. त्यातही ‘भान ठेव’पेक्षा ‘भानावर येणे’ घ्या. (बेशुद्ध माणूस भानावर येतो, तोही अर्थ आहेच, पण मुलांना त्याची अडचण होत नाही.) मन भटकणार हे या क्रियापदाने आधीच मान्य केलं आहे, आणि परत येण्याला त्यात वाट आहे. सरावही नेमका हाच: श्वासावरून मन शेतात गेलं, कळलं, परत आलं. ते शेतात गेलं म्हणून मूल चुकलं असं होत नाही.

तेव्हा वेळापत्रकात ‘भानाची दोन मिनिटं’ लिहा. मधल्या सुट्टीनंतर, मुलं उन्हातून धापा टाकत आत येतात तेव्हा, म्हणा: “चला, भानावर येऊ. तळव्यांना फरशी कशी लागते?” ‘येऊ’ म्हणा, म्हणजे तुम्हीही त्यात आलात. एकट्या मुलाचं नाव घेऊन ‘भानावर ये’ कधीच म्हणू नका. तसं एकदा झालं, की या शब्दाचंही ‘लक्ष दे’ होईल.